रिकामं औषध

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. पेन ते माझं उचलायचे आणि परत द्यायला विसरायचे. खिशात असायच्या रबरी बुचाच्या काचेच्या कुप्या, रुमालात गुंडाळलेल्या. संध्याकाळी लॅबमधून निघताना त्या खिशात जायच्या, मारतहळ्ळीहून मार्केटपर्यंत बसमध्ये हिंदकळायच्या, तिथून सरांबरोबर चालत चामराजपेटला घरी, आणि सकाळी त्याच वाटेनं परत. आल्या आल्या, डब्याची पिशवी खाली ठेवायच्याही आधी, सर खिडकीशी जाऊन एकेक कुपी उजेडात धरायचे. वर तेलाची कड दिसली नाही की मान हलवून म्हणायचे, "बस पास."

कुप्या हलवायचं चांगलं यंत्र आमच्याकडे होतं. मी नवी असताना एकदा विचारलं, "सर, शेकर असताना बस कशाला?"

"तंगी, शेकरला करकचून ब्रेक मारायची सवय नाही. आपल्या ड्रायव्हरला आहे."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला पहिले काही महिने ते अजिबात आवडलं नाही. साताऱ्याहून फार्मसीची मोठी पदवी घेऊन मी बंगळुरूला आले होते, दोन मैत्रिणींबरोबर मारतहळ्ळीत फ्लॅट घेतला होता, आणि पहिल्याच नोकरीत कुणी आपल्याला 'मॅडम' म्हणावं अशी माझी माफक अपेक्षा होती. त्यात हे गृहस्थ मराठी बोलतात म्हणून मी खूश झाले, तर त्यांची मराठी मला निम्मी कळेना. त्यांचं घराणं कधीकाळी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथंच राहिलं. मूळचं गाव कुठलं हे आता घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात जागोजाग कानडी शब्द रुतून बसलेले. त्यातला 'स्वल्प' हा तर त्यांचा श्वास होता. स्वल्प म्हणजे थोडंसं. स्वल्प थांब, स्वल्प हळू, स्वल्प इकडे बघ. लॅबमधली हिंदी, तमिळ, बंगाली मुलंसुद्धा पाठीमागं त्यांना 'स्वल्प सर'च म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

आमचं काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय सर कळायचे नाहीत. कितीतरी औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. गोळी गिळली तरी त्यातलं बरंचसं पोटातून तसंच पुढे जातं, रक्तात फार थोडं उतरतं. सर नव्या माणसाला हे शिकवताना ग्लासभर पाणी घेत, त्यात चिमूटभर औषध टाकत आणि खुर्चीवर बसून राहत. पाच-दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. भुकटी बुडाला बसलेली असायची, तशीच्या तशी.

"पाहिलंस? रोगी असं गिळतो. आणि आपण म्हणतो औषध दिलं."

मग इलाज काय, तर औषध तेलात विरघळवायचं आणि त्या तेलाचे थेंब इतके बारीक करायचे की पाण्यात ते आहेत हे डोळ्यांना कळूही नये. त्याला नॅनोइमल्शन म्हणतात. सर म्हणायचे, "दूध पांढरं का? थेंब मोठे आहेत म्हणून. अजून बारीक कर, अजून बारीक कर, एका जागी पांढरेपणा निघून जातो." तेव्हा ते पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं, फक्त उजेडात धरलं की एक निळसर झाक येते. त्या झाकेवर सरांचा जीव होता. आकड्यांचं यंत्र काहीही सांगो, ते आधी खिडकीशी जायचे. कुपीमागे करंगळी धरायचे. करंगळी नीट दिसली आणि कडेला निळं दिसलं की चेहरा असा काही उजळायचा की मला हसू यायचं. साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला माणूस पाण्याकडे बघून इतका खूश होताना मी दुसरा पाहिलेला नाही.

औषधाबरोबर तसंच दुसरं एक मिश्रण नेहमी करायचं असतं. तेल तेच, पाणी तेच, तेल आणि पाणी जोडणारा पदार्थ, म्हणजे इमल्सिफायर, तोच, फक्त औषध नाही. त्याला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. तुलनेला लागतं. दिसायला दोन्ही सारखी. सरांच्या खिशातून बसमध्ये फिरायचं ते ब्लँक. औषध असलेली कुपी त्यांनी कधी लॅबच्या दाराबाहेर नेली नाही, आणि ब्लँक न्यायलासुद्धा त्यांनी डायरेक्टरांची रीतसर परवानगी काढली होती. डायरेक्टर म्हणाले होते, "अहो, तेल आणि पाणीच ना ते, न्या." सरांनी ते लिहून घेतलं.

असे ते होते. नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "इथं बनलेलं जिभेला लागता कामा नये. औषध असो, ब्लँक असो, साधं पाणी असो. बनवणाऱ्यानं चव घ्यायची नाही." चव बघणारी माणसं वेगळी असतात, त्यांचं काम फार पुढचं, ते दुसऱ्या इमारतीत चालतं, हे मला ठाऊक होतं. पण सर इतके टोकाला गेले होते की लॅबच्या इमारतीत ते चहासुद्धा पीत नसत. आमच्याच मजल्यावर चांगलं कँटीन होतं, तरी सर डबा घेऊन खाली फाटकाशी जायचे. तिथं रेन ट्रीच्या झाडाखाली एक ओबडधोबड दगड होता, त्यावर बसून जेवायचे. ऊन असो, भुरभुर असो. सुरुवातीला मी मैत्रिणींना याच्या नकला करून दाखवायचे. मग एक दिवस त्यांच्या डब्यातल्या चित्रान्नाचा वास आला आणि मीही खाली जाऊन बसायला लागले. लिंबाचा भात, वर शेंगदाणे, कढीपत्ता, खवलेलं खोबरं. डब्यात नेहमी माझ्यापुरतं जास्त असायला लागलं, म्हणजे घरी कुणाला तरी माझी खबर पोचली होती.

ती पोचली होती अक्कांना. अक्का म्हणजे सरांची बायको. पेठेत सगळे त्यांना अक्काच म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. घराच्या पुढच्या खोलीत त्या ब्लाउज शिवायला शिकवत. उंच, सावळ्या, तोंडानं तिखट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडात टाचण्या धरूनच बोलल्या, "ये गं पुट्टी. लॅबमध्ये ह्यांच्या हाताखाली तूच का? बिचारी."

पुट्टी म्हणजे छोटी मुलगी. एकूण बंगळुरूत मला 'मॅडम' कुणी म्हणणार नव्हतं.

खिडकीच्या फळीवर सरांच्या बसमधून आलेल्या कुप्या ओळीनं ठेवलेल्या असत. अक्का त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघ ह्यांचं आयुष्यभराचं काम. दिसत नाही, वास नाही, आत औषधसुद्धा नाही. मी निदान ब्लाउज शिवते, कुणीतरी घालतं." सर जेवत होते, ते हसून म्हणाले, "स्वल्प दिसतं. निळं दिसतं." अक्का म्हणाल्या, "ह्यांनाच दिसतं." त्या दोघांना मूल नव्हतं. एकमेकांना टोचण्यातच त्यांचं घर भरलेलं असायचं.

सरांच्या काटेकोरपणापायी लॅबचं एकदा मोठं नुकसान झालं. आमच्या कामात पैसा घालू बघणारी काही माणसं पाहणीला येणार होती. आदल्या दिवसापर्यंत चांगली असलेली कुपी त्या सकाळी फुटली होती. म्हणजे बारीक थेंब मोठ्या थेंबांत गेले, मोठे वर आले आणि तेलाची पिवळी कड धरली. मॅनेजर घाबराघुबरा होऊन म्हणाला, "सर, मागच्या आठवड्याचं ठेवू या ना टेबलावर, तेही आपलंच आहे." सरांनी फुटलेलीच कुपी मांडली. पाहुण्यांना म्हणाले, "ही आज सकाळी फुटली. का फुटली ते अजून कळलं नाही. कळलं की सांगतो." पाहुणे चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. सरांना जिन्याखालच्या खोलीत हलवलं. मी रागानं लाल झाले होते. दगडावर बसून मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते भात कालवत म्हणाले, "फुटलंय त्याला फुटलंय म्हणायचं, तंगी. नाहीतर मग बघायचं कशाला?" जिन्याखालच्या खोलीला खिडकी नव्हती. कुपी बघायला ते दर वेळी वर यायचे.

पण त्या खोलीतूनच त्यांनी ते इमल्शन अखेर टिकवून दाखवलं. आमचं औषध कर्करोगावरचं होतं. गोळीच्या रूपात ते बाजारात आधीपासून मिळायचं, पण पाण्याशी त्याचं जमत नाही म्हणून गिळलेल्यातलं फारच थोडं उपयोगी पडायचं. सरांचं मिश्रण उंदरांना दिलं तेव्हा रक्तात ते कितीतरी चांगलं उतरलं. माणसांपर्यंत जायला अजून परवानग्या होत्या, तपासण्या होत्या, वर्षं होती. सरांना घाई नव्हती.

आणि मग अक्कांच्या पोटात दुखायला लागलं.

तपासण्यांतून निघालं तेव्हा आतड्यातून यकृतापर्यंत गेलेलं होतं. इस्पितळात बरेच उपाय झाले. एक दिवस सर दगडावर येऊन बसले, डबा नव्हता. खिशातून त्यांनी औषधाची चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. डॉक्टरांनी अक्कांना जी गोळी सुरू केली होती, ती आमच्याच औषधाची.

 त्या गोळीतलं पोटात किती वाया जातं हे त्या शहरात सरांइतकं नीट कुणाला ठाऊक असेल? ग्लासाच्या बुडाशी बसलेली भुकटी मला दिसायला लागली. सर रोज आपल्या हातानं ती गोळी अक्कांच्या तळहातावर ठेवत होते.

मग मी जे कुणीही म्हटलं असतं तेच म्हटलं. "सर, आपल्याकडे आहे की तयार."

"उंदरांपर्यंत आहे."

"पण चांगलं चाललंय ना उंदरांत?"

"माणसात काय करेल ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही ते मी तिला देऊ?" मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाची बायको असती, त्यानं येऊन पाय धरले असते, तर दिलं असतं का मी? नसतं दिलं. मग हिला का?"

मला त्यांचा अतोनात राग आला. ते बरोबर आहेत हे कळत होतं म्हणून तर जास्तच. त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर गेले नाही.

पुढे इस्पितळानं अक्कांना घरी पाठवलं. आता दुखणं कमी ठेवायचं, बाकी काही नाही, असं सांगून. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून तिथं खाट टाकली. खाटेवरून स्वयंपाकघराचा ओटा सरळ दिसायचा. मी दर रविवारी जायला लागले. अक्का वाळल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. मला म्हणाल्या, "बघ पुट्टी, आता सगळे ब्लाउज ढिले होतात. शिकवणाऱ्याचीच फजिती."

एका सोमवारी सर दगडावर बसले आणि घास हातातच ठेवून म्हणाले, "काल रात्री तिनं विचारलं. तुमचं ते औषध मला कधी देणार म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं."

"मग?"

"उद्यापासून देतो म्हटलं."

 ते भाताकडे बघत होते.

"ब्लँक देणार आहे," ते म्हणाले. "लॅबमधलं नाही. घरी करीन. खायचं तेल, उकळलेलं पाणी, आणि बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते इमल्सिफायर. आइस्क्रीममध्ये घालतात ते. तिच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला हरकत नाही, आता त्यांना जे बरं वाटेल ते द्या."

ज्या माणसानं फुटलेली कुपी पाहुण्यांसमोर मांडली, तो बायकोशी खोटं बोलायला निघाला होता, आणि त्यासाठीही डॉक्टरची परवानगी काढून आला होता. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी रडलेच. सरांनी मला रुमाल दिला, कुप्या गुंडाळायचा.

ते मिश्रण हातानं करायची एक रीत आहे. तेल आणि इमल्सिफायर एकत्र करून त्यात पाणी थेंबाथेंबानं सोडत सारखं ढवळत राहायचं. घाई केली की दुधासारखं पांढरं होतं, मग ते टाकून पुन्हा पहिल्यापासून. धीर धरला तर आधी घट्ट होतं, मग एका क्षणी सैल पडतं आणि निळसर झाक येते. सर रोज सकाळी अंघोळ करून ओट्याशी उभे राहायचे, एका हातात ड्रॉपर, दुसऱ्या हातात चमचा. तासभर. अक्का खाटेवरून बघत पडलेल्या असत. निळं आलं की सर स्टीलच्या वाटीतून ते घेऊन यायचे, अक्का एका दमात पिऊन टाकायच्या आणि म्हणायच्या, "गूळ द्या."

त्या गुळाचं सरांना केवढं कौतुक. दगडावर बसून मला सांगायचे, "दोन घास जेवत नव्हती, आता रोज गूळ मागते. तोंडाला स्वल्प चव आली." एकदा म्हणाले, "मला भीती होती संशय येईल म्हणून. आपलं औषध जहर कडू, हे तिला मीच सांगितलेलं होतं कधीतरी. ह्यात औषधच नाही, मग चव कसली असणार? म्हणून विचारलं, कसं लागतं. म्हणाली, नारळपाण्यासारखं. मी म्हटलं, कडूपणा झाकायची नवी रीत काढली आम्ही." सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला एक खोटं पचवायला दुसरं लागतं, आणि ते दोन्हीही मला येऊन सांगावं लागतं.

एका रविवारी सर शेवग्याच्या शेंगा आणायला खाली गेले होते. अक्कांनी मला जवळ बसायला सांगितलं.

"पुट्टी, त्या वाटीत काही नाही ना?"

 खोटं मलाही जमत नाही, आणि खरं सांगायचा मला हक्क नव्हता.

"तू नको बोलू. मला ठाऊक आहे. लॅबमधलं औषध हे घरी आणतील? माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही. आणलं असतं ना, तर मीच घेतलं नसतं. म्हटलं असतं, हा माणूस कुणी वेगळाच आहे." त्या हसल्या, आणि हसताना दुखलं म्हणून थांबल्या.

"मग अक्का, विचारलंत कशाला त्यांना?"

"अगं, हे खाटेशी नुसते बसून असायचे. माझ्या गोळीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. हात असे कापायचे की पाणी सांडायचं. आयुष्यभर ज्या माणसाचा थेंब चुकला नाही, त्याच्या हातातून पाणी सांडतंय. बघवेना मला. काहीतरी करायला लावावं म्हणून मागितलं." मग ओट्याकडे मान वळवून म्हणाल्या, "तिथं उभे असतात ना, तेव्हा हात कापत नाहीत. तू बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम सकाळी लवकर गेले. ड्रॉपर स्थिर होता. थेंब एकासारखा एक पडत होता. अक्कांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "मी आहे तोवर गप्प राहा. नंतरचं तुझं तू बघ."

अक्का एका दुपारी गेल्या. सकाळचं पिऊन, गूळ खाऊन झाल्यावर. सर लॅबमध्ये नव्हते, खाटेशीच होते. शिकायला येणाऱ्या बायकांनी घर भरून गेलं होतं. मी एका कोपऱ्यात उभी होते. अक्कांना नेसवलेल्या हिरव्या साडीचा ब्लाउज नेमका अंगाबरोबर बसला होता, कुणीतरी तेवढ्या वेळात टिपा घालून घट्ट करून दिला होता. ते बघून मला जे रडू फुटलं ते आवरेना.

सर कामावर परत आले, पण खिसा रिकामा असायचा. डबा आणायचे नाहीत. दगडावर येऊन नुसते बसायचे आणि माझ्या डब्यातली पोळी दिली तर खायचे. बोलायचे कामाचंच. त्यांच्या मिश्रणाला पुढच्या तपासण्यांची परवानगी त्याच सुमाराला आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते खिडकीशी गेले, कुपीमागे करंगळी धरली, आणि कितीतरी वेळ वळलेच नाहीत.

एका रविवारी सकाळी मी न कळवता चामराजपेटला गेले. दार उघडंच होतं. खाट काढून टाकलेली, शिलाई मशीन पुन्हा जागेवर. सर ओट्याशी उभे होते. एका हातात ड्रॉपर, दुसऱ्या हातात चमचा.

"ये तंगी. स्वल्प थांब, आता सोडता येणार नाही."

मी मशीनच्या स्टुलावर बसले. पाणी थेंबाथेंबानं पडत होतं.

"रोज करता?"

"सकाळी दुसरं काय करायचं ते सुचत नाही. करतो, बघतो, ओतून देतो."

घट्ट झालं, मग सैल पडलं. त्यांनी ते काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीशी धरलं. मलाही दिसलं, निळं. पेला ओट्यावर ठेवून, माझ्याकडे पाठ करूनच, त्यांनी विचारलं, "तिला कळलं होतं का गं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. नाही म्हणावं असं वाटलं. त्या माणसाला आता आणखी कशाला दुखवायचं? पण फुटलेल्याला फुटलंय म्हणायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं, आणि मी वेगळं काही सांगितलं असतं तर त्यांना ते पाठमोऱ्यानंसुद्धा ओळखता आलं असतं.

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

"मग पीत का होती?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कापणाऱ्या हातांचं, सांडलेल्या पाण्याचं, ओट्याशी उभं राहिलं की हात स्थिर होतात त्याचं. लॅबमधलं आणलं असतं तर मीच घेतलं नसतं, हेही अक्कांच्याच शब्दांत सांगितलं. ते ऐकत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "असं म्हणाली?" मी हो म्हटलं.

मग त्यांनी पेला उचलला. मला वाटलं, नेहमीसारखा मोरीत ओततील. त्यांनी तो तोंडाला लावला.

मी उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत स्वतः बनवलेल्या कशालाही या माणसाची जीभ लागलेली नव्हती. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला, लहान मुलाचा होतो तसा. पेला त्यांनी खाली ठेवला नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि सगळं संपवलं.

"सर?"

"कडू आहे," ते म्हणाले.  "औषधाचा कडूपणा नव्हे, तंगी. इमल्सिफायरचा. घसा जळतो." ओट्याला धरून ते खाली पाटावर बसले. "पुस्तकात एक ओळ आहे त्याच्या चवीबद्दल. मी वाचलेली होती. स्वल्प कडू असतं, असं लिहिलंय."

नारळपाण्यासारखं, असं म्हणाल्या होत्या अक्का. मला त्यांचं ते रोजचं एका दमात पिणं आठवलं, आणि वाटी खाली ठेवायच्या आत गुळासाठी पुढे आलेला हात.

मी फडताळातून गुळाचा डबा काढला, झाकण उघडून सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी त्यात बघितलं. एक खडा उरला होता, अक्कांच्या वेळचा. त्यांनी झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला.

"राहू दे," ते म्हणाले. "स्वल्प वेळ राहू दे तोंडात."